वारुळाच्या मापाचं पाडस

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका रानात हरणांचा कळप राहत होता. त्या कळपातल्या एका हरणीला पाडस झालं, ते अगदीच एवढंसं. झालं! कळपाला बोलायला विषय मिळाला.

कळपाची एक रीत होती. दर पौर्णिमेला पाडसांना एका वारुळाशेजारी उभं करायचं. ज्याची पाठ वारुळाच्या वर दिसेल, त्यानेच उन्हाळ्यात कळपाबरोबर नदी ओलांडायची. बाकीच्यांनी वाळक्या गवतात मागे राहायचं. इतर पाडसं पावसाळ्यातच त्या मापाला उतरली. हे मात्र दर पौर्णिमेला खालीच.

"याच्या अंगाला काही लागतच नाही," थोरली आत्या म्हणायची. "तुझं दूधच पातळ असेल!"

कुणी सांगे, "याला मोहाची फुलं चार," कुणी न विचारताच चारून जाई. पाडसाचं पोट बिघडे आणि निस्तरायला एकटी हरणी.

हरणीला या सगळ्यांचा अगदी वीट आला होता. तिला दिसत होतं ना! जन्मल्यावर पळसाच्या बुंध्यावरच्या गाठीला त्याचं नाकही पोचत नव्हतं. आता त्याच गाठीला ते खुशाल पाठ घासायचं. पण आईचं ऐकतो कोण?

उन्हाळा आला. शेवटची मोजणी झाली. पाडस पुन्हा खालीच.

"राहू दे त्याला इथंच," आत्या म्हणाली.

हरणीचं डोकंच फिरलं. "आत्याबाई, माझ्या लेकराला टाकून जायच्या आधी एकदा तुम्ही उभ्या राहा तिथं!"

आत्या नाक मुरडत उभी राहिली. गेल्या उन्हाळ्यात वारूळ तिच्या गुडघ्याला लागायचं. आज ते थेट छातीला लागलं.

"अगं बाई! तुम्हीही आटलात की काय?" हरणी म्हणाली.

सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. वाळवी मातीचे कण चढवत होती. वर्षभर वारूळही वाढतच होतं, आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाडस कळपाबरोबर नदी पार करून गेलं. सगळ्यांत ठेंगणं होतं, पण स्वतःच्या पायांनी गेलं. पलीकडे पोचताच आत्याने काय करावं? नवं वारूळ शोधायला घेतलं! हरणीने कपाळावर खूर मारून घेतला आणि आपल्या पाडसासाठी एक गाठीचं झाड शोधलं.

तात्पर्य: लेकराची वाढ त्याच्याच कालच्या मापाशी ताडून पाहावी, दुसऱ्याच्या नव्हे.