डब्यातलं अंडं

विलासची बातमी आली तेव्हा भास्कर मिस्त्री गॅरेजात फायबरचा बंपर घासत होता. धाकट्या भावाची जीप पुलाच्या कठड्यावर आदळली होती. भास्करनंच बसवलेल्या लोखंडी बंपरला पोचाही आला नव्हता. विलास जागीच गेला होता.

चौदाव्या दिवशी गॅरेज उघडलं, तर पंचायत समितीचे सभापती नवी गाडी घेऊन हजर. "मिस्त्री, हा प्लास्टिकचा बंपर काढ. पापडासारखा मोडतो. लोखंडी ठोक. गाडीला काही होता कामा नये."

भास्करनं समोरच्या भुर्जीच्या गाड्यावरून दोन अंडी आणली. एक जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं. दुसरं जुन्या बंपरच्या फोममध्ये खोचून त्यावर प्लास्टिकचा तुकडा बांधला. माळ्यावरून दोन्ही खाली सोडली. प्लास्टिक तडकलं. डबा खणकन वाजला आणि तसाच राहिला.

"बघ," सभापती हसले. "लोखंड ते लोखंड."

"डब्याला काही झालं नाही, साहेब. आता तो उघडून बघा. गाडीत तुम्ही त्या अंड्याच्या जागी बसणार."

सभापतींच्या बोटांना बलक लागला. फोममधलं अंडं शाबूत होतं. सभापती गाडी तशीच घेऊन गेले.

भास्कर डबा धूत बसला. विलासचा बंपर दिवाळीनंतर काढू, असं त्यानं ठरवलं होतं. तो काढायचा राहिला होता.