हात टेकले नव्हते

"पण हात टेकले होते एवढं लिहिलं, तर तुमचं काय जाणार आहे, वस्ताद?"

बाबालाल वस्तादांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"टेकले नव्हते," ते म्हणाले.

आठ दिवसांपूर्वी याच तालमीच्या अंगणात केतकीची लेक ओवी पडली होती. तिला मल्लखांब शिकायचा होता, म्हणून केतकी चौकशीला आली होती. खाली गादी किती जाड असते, हेच ती वस्तादांना विचारत होती. उत्तर यायच्या आत मागे आवाज झाला. ती वळेपर्यंत ओवी दगडी पायरीवर पालथी. पडताना पाहिलं ते एकट्या वस्तादांनी.

समोरचे दोन दात हलायला लागले. दुधाचे नव्हेत, गेल्याच वर्षी आलेले, पक्के. दातांच्या डॉक्टरांनी ते शेजारच्या घट्ट दातांना बारीक तारेनं बांधून ठेवले. दोन आठवड्यांपुरते.

विमा कंपनीचं पत्र कालच आलं होतं. तोंडावर पडलेल्या मुलांचे तळहात, गुडघे खरचटतात. इथे डॉक्टरांच्या कागदात तशी नोंद नाही. मग दात आधीपासून हलत नव्हते कशावरून? पाहणाऱ्यानं पडण्याचं वर्णन आणि कारण लिहून द्यावं.

अपघात ठरला तरच दात बांधण्याचा खर्च मिळणार होता. आणि उद्या दाताचं मूळ मेलं, तर पुढच्या प्रत्येक उपचाराला हाच कागद लागणार होता.

केतकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिनं चार मसुदे केले होते. चौथा वस्तादांच्या हातात होता. मुलीनं दोन्ही हात टेकले, परंतु पायरी निसरडी असल्यानं...

"पायरी कोरडी होती," वस्ताद म्हणाले. "सकाळी मीच झाडली होती."

"बरं, निसरडी खोडते. हात राहू द्या."

"कंपनी काय म्हणती? हाताला ओरखडा न्हाई."

"हो."

"आणि तू लिहिती, हात टेकलं."

...

चार मसुद्यांत हे एकदाही सुचलं नव्हतं. केतकीनं कागद परत घेतला आणि उगाचच नीट घडी घातली.

"ओरखडा नाही हा काय गुन्हा झाला?" ती म्हणाली. "आठ वर्षांची आहे, वस्ताद. गुडघ्यावर एक डाग दाखवा. चालायला लागली तेव्हापासून तिच्या मागे माझा हात आहे. घसरगुंडीवर हात, जिन्यात हात. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, कसं जमवलंस म्हणून."

आवाजात तोरा होता. तो तिचा तिलाही ऐकू आला. पण मागे घ्यावासा वाटला नाही. आईपणात धड जमलेली अशी एवढी एकच तर गोष्ट होती.



"आता ती तारसुद्धा बघा ना," ती पुढे म्हणाली. "केसाएवढी. दात अजून किंचित हलतात. मी म्हटलं, जाड बांधा, अगदी घट्ट. तर डॉक्टर म्हणाले, नको. जरा हलला तरच दात धरतो."

"कुठल्या तालमीतला डॉक्टर?"

"डॉक्टर आहेत ते. तालमीत कशाला जातील?"

"तसं न्हवं," वस्ताद म्हणाले, आणि हसले. "तालमीतलंच बोलला त्यो."

मग त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. लाल मातीच्या हौद्यात उतरले. दोन पावलं टाकली... आणि उभ्या खांबासारखे पुढे कोसळले.

केतकीचा मोकळा हात पुढे झेपावला.

तळहात मातीवर एकदम वाजले. कोपरं दुमडली. हनुवटी मातीपासून वीतभर वर थांबली.

वस्ताद सावकाश उठले. हात झाडले नाहीत.

"वय काय तुमचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"असे किती वेळा पडलात?"

"मोजलं न्हाई. तू दात मोज."

त्यांनी ओठ मागे ओढले. वरचे, खालचे, सगळे स्वतःचे.

केतकी मोजायला लागली. अकरापर्यंत गेली आणि थांबली.

चष्मा अजून तिच्या हातात होता. तो तिनं पदरानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिली...

मग तिनं घडी घातलेला कागद फाडला. पर्समधून कोरा काढला.

"तुम्ही सांगा. मी लिहिते. सही तुमची."

"लिही. पोर पळत होती. पायरीला पाय अडकला. तोंडावर पडली. हात टेकले न्हाईत."

तिनं लिहिलं. शेवटच्या वाक्यापाशी पेन जरा अडखळला, पण तेही लिहिलं.

"कारण?" तिनं विचारलं. "हात का टेकले नाहीत, ते लिहावं लागेल. त्याशिवाय ते मानणार नाहीत."

वस्तादांनी चष्मा घेतला. डोळ्यांवर चढवला. मग तिच्या हातांकडे पाहिलं.

"लिही, लेकी," ते म्हणाले. "पोर पहिल्यांदाच पडत होती."