कॉम्प्युटर लागेना, किडा येईना

एक होती पाल. ई ई करू नका! एवढीशी होती. तुमच्या करंगळीएवढी. अंगावर ठिपके होते, म्हणून नाव ठिपकी.

ठिपकी राहायची हिंदुरावकाकांच्या दुकानात. काका होते पैलवान. ही एवढी मोठी मिशी! पण आता कुस्ती बंद. आता काका कॉम्प्युटरवर लग्नाच्या पत्रिका करायचे. टक टक टक, टक टक टक.

रोज संध्याकाळी काय व्हायचं? कॉम्प्युटरचा उजेड पडायचा. उजेडाला किडे यायचे. ठिपकी यायची सर सर सर. आणि किडा गट्ट!

आणि एका संध्याकाळी काय झालं, काय सांगू तुम्हाला!

फट्ट!

कॉम्प्युटर बंद. काळा ठिक्कर! धूर आला. करपट वास आला. काका दचकले. त्यांची मिशी थरथरली. त्यांनी आधी प्लग काढला. मग "अरे देवा!" म्हणाले आणि डोक्याला हात लावून बसले.

ठिपकीने आ वासला. तो मिटेचना! उजेड गेला. किडे गेले. पोटात कावळे ओरडायला लागले. काव काव! काव काव! पालीच्या पोटात कावळे! अबब!

ठिपकी गेली कॉम्प्युटरकडे. सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, लाग ना!"

"का गं ठिपके?"

"उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! एवढं झालं? पण मी नाही लागणार. माझ्या पोटात एक डबा आहे. तो मला वीज भरवतो. तोच जळला. नवा डबा आला, तर मी लागेन."

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

मोठी माणसं त्या डब्याला एसएमपीएस म्हणतात. म्हणू देत. आपण डबाच म्हणू.

शेजारी होतं रुबीनाताईचं दुकान. ताई कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिच्या फळीवर डबेच डबे. ठिपकी गेली ताईकडे. सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"ताई, ताई, नवा डबा दे ना!"

"का गं ठिपके?"

"कॉम्प्युटर लागेना,
उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! एवढं झालं? पण मी नाही देणार. कुठलाही डबा कुठेही बसत नाही. जुना डबा बघितला, तर मी नवा देईन."

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

ठिपकी गेली जुन्या डब्याकडे. तो होता कॉम्प्युटरच्या आत, अगदी मागे. सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"डब्या, डब्या, बाहेर निघ ना!"

"का गं ठिपके?"

"ताई नवा देईना,
कॉम्प्युटर लागेना,
उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! एवढं झालं? पण मी नाही निघणार. चार स्क्रूंनी मला धरलंय. स्क्रू सुटले, तर मी निघेन."

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

ठिपकी गेली स्क्रूंकडे. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. चौघेही हट्टी! सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"स्क्रूंनो, स्क्रूंनो, सुटा ना!"

"का गं ठिपके?"

"डबा निघेना,
ताई नवा देईना,
कॉम्प्युटर लागेना,
उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! एवढं झालं? पण आम्ही नाही सुटणार. स्क्रूड्रायव्हर फिरला, तर आम्ही सुटू."

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

ठिपकी गेली स्क्रूड्रायव्हरकडे. तो टेबलावर लोळत होता. सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"स्क्रूड्रायव्हर, स्क्रूड्रायव्हर, फिर ना!"

"का गं ठिपके?"

"स्क्रू सुटेनात,
डबा निघेना,
ताई नवा देईना,
कॉम्प्युटर लागेना,
उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! एवढं झालं? पण मी नाही फिरणार. आपला आपण कसा फिरू? काकांनी उचललं, तर मी फिरेन."

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

आता काय? आता काका! काका तर शेजारीच बसले होते. डोक्याला हात लावून. ठिपकी गेली काकांकडे. सर सर सर, थांब! सर सर सर, थांब!

"काका, काका, स्क्रूड्रायव्हर उचला ना!"

काकांनी मान वर केली. काकांनी पाहिलं. काकांची मिशी ताठ उभी राहिली.

"पाऽऽऽल!"

धडाम! धुडूम! काका चढले खुर्चीवर. एवढे मोठे पैलवान! खुर्ची करकरली. कर्र कर्र कर्र!

ठिपकी म्हणाली,

"स्क्रूड्रायव्हर फिरेना,
स्क्रू सुटेनात,
डबा निघेना,
ताई नवा देईना,
कॉम्प्युटर लागेना,
उजेड पडेना,
किडा येईना,
पोटातले कावळे गप्प बसेनात!"

"बाप रे! पाल ती पाल, वर बोलते पण!" काका ओरडले. "मी नाही उतरणार! पाल गेली, तर मी उतरेन!"

"आँ? हे काय भलतंच!" म्हणाली ठिपकी.

तिने इकडे पाहिलं. तिने तिकडे पाहिलं. कुठे आहे ही पाल? तुम्हाला कळलं ना? तिला नाही कळलं.

"काका, काका, कुठली पाल?"

"तूऽऽऽच!"

"मी?"

"तूच! तूच! तूच!"

ठिपकी गारच पडली. शेपटी खाली गेली. ती एवढीशी. काका एवढे मोठे. ती काय काकांना खाणार होती? तिला फार वाईट वाटलं. पण पोटात कावळे ओरडत होते. काव काव! काव काव!

मग ठिपकी वळली. भिंतीवर चढली. कॅलेंडरच्या मागे गेली. सुळकन! शेपटीचं टोकसुद्धा दिसेना.

आणि मग काय झालं?

पाल गेली,
काका उतरले.

काका उतरले,
स्क्रूड्रायव्हर फिरला. गिर गिर गिर!

स्क्रूड्रायव्हर फिरला,
स्क्रू सुटले. टिंग! टिंग! टिंग! टिंग!

स्क्रू सुटले,
डबा निघाला. खर्रर्र!

तेवढ्यात एक डास आला. कॅलेंडरवरच बसला. ठिपकीच्या अगदी नाकासमोर! गुबगुबीत डास. ठिपकीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ती हलली तर? काका पुन्हा खुर्चीवर! ठिपकी हललीच नाही. डास उडून गेला. गुंऽऽऽ.

काकांनी हाक मारली. रुबीनाताई आली. तिने फळीवरचे डबे आणले. जुना डबा उलटा केला. सुलटा केला. "हं," म्हणाली.

पण काकांना कुठला धीर! त्यांनी एक डबा उचलला. लाल लाल, चकचकीत.

"हाच! कसला भारी दिसतोय!"

"बसवून बघा पैलवान," म्हणाली ताई.

काकांनी डबा आत सरकवला. भोकं जुळेनात. एक स्क्रू इकडे, एक भोक तिकडे! काका लागले जोर करायला. ऊंऽऽऽ!

कॅलेंडरच्या मागून आवाज आला.

"चुक चुक! चुक चुक!"

"आँ? चूक? कोण म्हणालं चूक?" काका दचकले. सवयीनेच त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं. "कृष्ण कृष्ण!"

"जे म्हणालं, ते बरोबर म्हणालं," ताई हसली. "लाल आहे म्हणून काय बसेल होय?"

काकांनी दुसरा डबा उचलला. छोटा छोटा, हलका हलका. आत सरकवला. भोकं जुळली! पण तार पोचेना. ओढली, तरी पोचेना! काका अजून ओढायला लागले.

"चुक चुक! चुक चुक!"

"अरे देवा! पुन्हा!" काकांनी पुन्हा टकटक केलं. "कृष्ण कृष्ण!"

"ओढू नका पैलवान, तुटेल! ताकदही कमीच आहे त्याची," म्हणाली ताई. "आता मी देते."

ताईने तिसरा डबा घेतला. साधा, करडा. जुन्याच्या शेजारी ठेवला. भोकं बघितली. तारा बघितल्या. ताकद बघितली. मग आत सरकवला.

भोकं जुळली? जुळली.
तार पोचली? पोचली.
ताकद पुरली? पुरली.

सगळे गप्प. भिंतसुद्धा गप्प. चुक नाही की चुक नाही!

स्क्रू बसले. गिर गिर गिर! प्लग लागला. ताईने बटण दाबलं.

टुक!

भूंऽऽऽ!

ताईने नवा दिला,
कॉम्प्युटर लागला.

कॉम्प्युटर लागला,
उजेड पडला.

उजेड पडला,
किडे आले. एक आला. दोन आले. ढीगभर आले!

पण ठिपकी?

ठिपकी कॅलेंडरच्या मागेच. बाहेर यायची सोय नाही. पाल आली, तर काका खुर्चीवर! समोर किडेच किडे, आणि ठिपकी उपाशी. काव काव! काव काव!

काका टेबलाशी बसले. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पण काय गं रुबीना, चूक चूक कोण म्हणत होतं?"

ताईने कॅलेंडरचा कोपरा उचलला.

"ही!"

काकांनी पाहिलं. काकांनी आ वासला. एक पाय खुर्चीवर गेला. खुर्ची करकरली. कर्र!

ठिपकी हलली नाही. नुसती बघत राहिली. पोट आत गेलेलं. एवढंसं पोट!

काकांनी ते पोट पाहिलं. एक पाय खुर्चीवर, एक पाय खाली.

"हिने सांगितलं होय?" काका म्हणाले. "आणि हिला मी हाकललं?"

काकांनी पाय खाली घेतला. हळू... हळू... ठेवला जमिनीवर.

"ये बाई, ये," म्हणाले काका. "जेव. पण हळू ये हं. मला फार भीती वाटते."

मग ठिपकी आली. अगदी हळू. सर... थांब. सर... थांब. काकांनी टेबल गच्च धरलं. डोळे मिटले. एक डोळा उघडला.

किडा गट्ट!
दुसरा गट्ट!
तिसरा काकांच्या मिशीवर बसला. ठिपकीने मिशीकडे पाहिलं. काकांनी ठिपकीकडे पाहिलं. ताईने तोंडावर हात ठेवला.

"तो राहू दे," म्हणाली ठिपकी. "माझं पोट भरलं."

आणि पोटातले कावळे गप्प बसले.

पाल जेवली, आता तुमची पाळी.