उत्पलेच्या हातातला दोर

पूर्वी रोहितपट्टणात उग्रदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्मला होता. त्याच्या हाताखालून गेलेलं लाकूड पाण्यात कुजत नाही, अशी त्याची ख्याती होती.

नगरासमोर, भोवऱ्यांच्या खाडीपलीकडे कुरुंद बेट होतं. तिथवर पूल बांधायचा राजाचा विचार झाला आणि त्याने बोधिसत्त्वाला बेटावर पाठवलं. वडाखाली सभा बसली. तरुण म्हणाले, होड्या उलटतात, वैद्य पोचत नाही, पूल हवाच. म्हातारे म्हणाले, पुलावरून वैद्य एकदा येईल, राजाचे घोडेस्वार रोज येतील.

मागे उत्पला लेकीला कडेवर घेऊन उभी होती. ती दोन्हीकडच्या बोलण्याला मान डोलावत होती. मूल झोपलं की श्वास चालतोय ना ते पाहायचं, आणि जागं झालं की का जागं झालं म्हणून घाबरायचं, असे तिचे दिवस चालले होते.

"बाई, तुझं काय म्हणणं?" बोधिसत्त्वाने विचारलं.

"मला दोन्हीची भीती वाटते. पूल नसला आणि हिला काही झालं, तर मी कुठे जाऊ? आणि असला, तर कोण काय घेऊन येईल?"

"हिचं काय ऐकता," तिचा सासरा म्हणाला, "ही स्वतःच्या सावलीला भिते." सभा हसली.

बोधिसत्त्व हसला नाही. त्याने पूल बांधला, पण बेटाजवळ वीस हात जागा मोकळी सोडली. तिथे बेटाच्या काठावर एक लांब फळी उभी केली. तिचा तोल असा साधला, की दोर सोडला की ती आडवी होऊन वाट व्हावी, आणि एका बाईने ओढला तरी पुन्हा उभी राहावी.

"ज्या घरात पाळणा हलतो, त्या घरच्या आईकडे दोर राहील," तो म्हणाला. "फळी कधी टाकायची ते तिनेच ठरवावं. तिला कोणी आज्ञा करू नये. राजाने नाही, मीही नाही."

अखंड पुलासाठी राजा पाच गावं देणार होता. ती बोधिसत्त्वाने नाकारली. दोर उत्पलेच्या हाती आला.

चैत्रात खाडीपलीकडच्या, नगराच्या बाजूच्या अरण्याला वणवा लागला. उत्पला काठाशी धावली. पुलावर माणसं, हरणं, रानडुकरं, साळिंदरं खेटून उभी होती, आणि त्यांच्यात तोंडात बछडा धरलेली वाघीण. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सर्वांत मागे बोधिसत्त्व उभा होता. त्याच्या पाठीवर ठिणग्या पडत होत्या. तो काहीच बोलला नाही.

"सोडू नकोस दोर," सासरा म्हणाला. "वाघीण आहे. पोरीचा विचार कर."

उत्पला पोरीचाच विचार करीत होती. त्या दातांत बछडा किती हलका लोंबत होता. तिने लेक सासऱ्याकडे दिली आणि दोर सोडला.

एकामागून एक सारे आले. वाघिणीच्या मिशा उत्पलेच्या पदराला लागल्या. ती हलली नाही, वाघीणही थांबली नाही. खुरांखेरीज कशाचा आवाज नव्हता. शेवटी बोधिसत्त्व आला, तिने दोर ओढला, आणि पूल जाळत मागून आलेली आग वीस हातांच्या पाण्याशी थांबली.

"अहो, फळी मागायची तरी," ती रडत रागावली.

"मागितली असती, तर फळी माझी झाली असती," तो म्हणाला.

ही कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आज विहाराच्या बांधकामावर देखरेख करणारा तुमच्यातला भिक्खू. तो सासरा म्हणजे आपला वृद्ध द्वारपाल. आत यावं की न यावं म्हणून मूल घेऊन दारात केव्हाची उभी आहे, ती उत्पला. आणि तो सुतार मीच होतो. पाठीशी आग आली तरी दिलेला शब्द मोडू नये, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना."

दारातली बाई आत आली. तिला कोणीही बोलावलं नव्हतं.