रोजची चिठ्ठी

"मग त्यात नशीब कुठं आलं, बाबा?"

हेरंबनं विचारलं आणि मान खाली घातली. टेकडीवरच्या मठात भर दुपारी दुसरं कोणी नव्हतं. कोंडाजीबाबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून.

"नीट सांग. माझ्यासारख्या अडाण्याला कळेल असं."

तालुक्यातल्या वाड्यांना टँकरचं पाणी कोणत्या क्रमानं द्यायचं, ते ठरवणारा प्रोग्रॅम हेरंबनं लिहिला होता. पुढाऱ्याचा वशिला नको, म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटरच चिठ्ठ्या टाकी. तेव्हा केवढ्या तोऱ्यात सांगायला आला होता तो, "बाबा, आता देवालासुद्धा लबाडी करता यायची नाही!"

"वर्गमूळ, घात, चिठ्ठी काढणं... ही गणितं प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत तयारच मिळतात," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटरची चिठ्ठी एका आकड्यातून उगवते. रोज नवा आकडा पेरावा लागतो. मी एकदाच पेरला, तोच राहिला. म्हणून रोज तोच क्रम. भोकरवाडी रोज शेवटी."

"आणि तिथं पोचेस्तोवर टँकर रिकामा."

"हो."

"कुणी बोललं नाही?"

"ज्यांना आधी पाणी मिळतंय, ते कशाला तोंड उघडतील? आणि भोकरवाडीवाले म्हणाले, आपलं नशीबच फुटकं."

...

भोकरवाडीची सखू घागर घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरली, ती पाय घसरून तिथंच राहिली. तिला जाऊन महिना होत आला होता.

"एक ओळ बदलली की झालं, बाबा. उद्यापासून चिठ्ठी खरी. कुणाला कळायचंही नाही. सांगून काय ती बाई परत येणार आहे?"

"नाही येणार."

हेरंबला जरा हायसं वाटलं.

"तिचा नवरा आला होता इथं," बाबा म्हणाले. "धर्मा. मी म्हटलं, नशिबापुढं कुणाचं चालतं रे? त्यानं हात जोडले नि गेला. तेव्हापासून कुणावर रागावला नाही म्हणतात. बैलावरसुद्धा नाही. धड जेवतही नाही."

बाबा भिंतीला धरून उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, पायांनी चाचपून वहाणा शोधल्या.

"उन्हाचं कुठं निघालात?"

"भोकरवाडीला."

"अहो, पण चूक माझी... तो मला जिवंत सोडायचा नाही, बाबा!"

बाबा उंबऱ्यावर थांबले.

"चल लेका. त्याला राग काढायला कुणीतरी नको का?"