राखीव आसन

“चेंगप्पा आजारी असेल, तर डॉक्टरांना सांगणं हे माझं कर्तव्य नाही का, बुवा?”

निरंजनबुवा पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिगंबर सरनोबत टेकडी चढून देवळात आला, आणि घाम पुसायच्या आत हे विचारून मोकळा झाला. लहानपणी याच देवळात बुवांनी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवल्या होत्या. आता तो हवाई दलात वैमानिक होता. देशाचा पहिला माणूस अवकाशात जायचा होता, आणि त्यासाठी दोघांना तयार केलं होतं. जाणार चेंगप्पा. त्याला काही झालं, तरच दिगंबर.

दोघांच्या पाठीचे प्लास्टरचे साचे घेऊन दोन आसनं घडवली होती. चेंगप्पाचं यानात बसलं. दिगंबरचं गोदामात भिंतीला टेकवून ठेवलं, आणि हा गडी सुट्टीच्या दिवशीही तिथं जाऊन ते बघून यायचा. वर्षभर त्याचा नुसता जळफळाट चालला होता.

“काय झालंय त्याला?” बुवांनी विचारलं.

“सर्दी. अंगात तापही आहे. लपवतोय. न्हाणीघरात नळ सोडून खोकतो... आम्ही एकाच खोलीत राहतो, मला ऐकू येतं.”

“तुलाच बरं ऐकू येतं!”

दिगंबर चपापला. खरं तर तो कान लावूनच बसायचा. चेंगप्पानं खिशातून रुमाल काढला, की याच्या मनात उकळ्या फुटायच्या. त्याच्या एका शिंकेसाठी यानं देव पाण्यात घातले होते.

“परवा शेवटची तपासणी आहे, बुवा. तो गोळी घेऊन ताप उतरवेल आणि पास होईल. पण वर माणसाला वजन नसतं. सर्दी खाली उतरत नाही, डोक्यातच साचते. परत येताना कानाचा पडदा फाटायचा त्याचा.”

“फार काळजी दिसते तुला त्याची.”

“मित्र आहे माझा.”

“मग विचारलंस का त्याला, बरं वाटतंय का म्हणून?”

दिगंबरनं परातीतली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

“काढा तरी करून दिलास?”

“नाही.”

“पहिली शिंक ऐकलीस, तेव्हा काय वाटलं?”

खाली गावात कुणाची तरी म्हैस ओरडली.

“आनंद झाला,” दिगंबर म्हणाला. आणि मग त्याचा तोल सुटला. “झाला आनंद! काय चुकलं माझं? धावण्यात मी पुढे. गरगर फिरणाऱ्या खुर्चीत मी जास्त टिकलो. आणि तो चारचौघांत हसून बोलतो, म्हणून जाणार तो! पेपरात दोघांचा फोटो आला, तर माझ्या नावापुढे कंसात ‘राखीव’. आईनं तो फोटो भिंतीवर लावलाय, बुवा... कंस आत दुमडून.”

बुवांनी परात बाजूला सारली.

“त्याचा ताप खरा आहे ना?”

“देवाशपथ खरा.”

“मग सांगायलाच हवं.”

दिगंबरचा चेहरा एकदम खुलला. त्याला वाटलं होतं, आता तासभर उपदेश ऐकावा लागणार. तो घाईघाईनं पाया पडला, “येतो बुवा” म्हणाला आणि पायरीवर बसून बूट चढवू लागला. कुणाला फोन करायचा, काय शब्द वापरायचे, सगळं त्याच्या डोक्यात जुळून आलं होतं.

“थांब. इकडं ये.”

तो एका पायात बूट घालून तसाच आला. बुवांनी आपला तळहात त्याच्या कपाळावर ठेवला... आणि बराच वेळ काढला नाही.

“मला काही झालेलं नाही,” दिगंबर म्हणाला. “उन्हातून चढून आलोय, म्हणून...”

“असेल.”

बुवांनी हात काढला.

“जा, सांग डॉक्टरांना. पण नावं दोन सांग.”