नारवेळच्या सभेतला भोकाचा घडा

हा तिवईवरचा घडा बघताय ना? हात लावू नका, नुसता बघा. बुडाच्या जरा वर वालाच्या दाण्याएवढं भोक आहे. मघाशी तुमच्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "फुटका दिसतोय." फुटका नाही हो! भोक मुद्दाम पाडलेलं आहे. दर वर्षी नवा घडा मी घडवते. माझ्याआधी सासू घडवायची, तिच्याआधी तिची सासू. मी सगुणा कुंभार. गावात सगळे मला आत्या म्हणतात, तुम्हीही म्हणा. बसा या उंडीच्या झाडाच्या सावलीत, सांगते.

आमच्या नारवेळच्या ग्रामसभेत जो बोलायला उठेल त्याच्यासाठी हा घडा गळ्यापर्यंत भरतात. भोकातून पाणी खालच्या परातीत पडत राहतं. पाणी संपलं की बोलणं संपलं. सरपंच असो, मास्तर असो, नाहीतर कोळीवाड्यातली विधवा असो, सगळ्यांना सारखं पाणी. दोन वर्षांमागं तालुक्याचे एक मोठे साहेब आले होते. विकास म्हणजे काय, हे सांगता सांगता त्यांचं पाणी संपलं. त्यांनी बोलणं रेटायला बघितलं, पण आमची माणसं खोकायला लागली. साहेब गोरेमोरे झाले आणि खाली बसले. त्यांच्यामागून आमची चंद्री कोळीण उठली. तिच्यासाठी घडा पुन्हा भरला, तोही गळ्यापर्यंत. हे मला सांगताना आजसुद्धा अंगावर मूठभर मांस चढतं, खोटं कशाला बोलू?

ही रीत आली यवनांकडून. यवन म्हणजे समुद्रापलीकडचे ग्रीक लोक. रोमच्या राज्यातली जहाजं तेव्हा आपल्या बंदरांना लागायची, त्यांतून ते यायचे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला त्यांचं ऑलिंपिक ठाऊक. जुलै-ऑगस्ट ही नावं रोमची, हे आमच्या शाळेतल्या बाई पोरांना शिकवतात, ते मीही ऐकलंय. त्यांच्या अथेन्स शहरात न्यायाच्या वेळी पाण्यावर बोलणं मोजायचे, हेही त्या बाईंनीच पुस्तकात वाचून मला दाखवलं. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडं ते लोक पुस्तकातून आले, आमच्याकडं होडीतून आले!

दोन हजार वर्षं तरी झाली असतील. तेव्हाही सभा याच जागी भरायची. गावाचा मुख्य होता भूतपाल. माणूस कर्तबगार, पण आवाज ढोलासारखा आणि बोलायला बसला की सकाळची दुपार व्हायची. गरिबाची पाळी यायची ती दिवेलागणीला, तोवर माणसं उठून गेलेली असायची. बळी तो कान पिळी, दुसरं काय! न्याय व्हायचा तो भूतपालच्या घशावर.

त्याच गावात सामा नावाची कुंभारीण होती. नवरा गेलेला, पदरी कुणी नाही, एक भट्टी तेवढी तिची. हात असा की तिच्या रांजणातलं तेल वर्षभर पाझरायचं नाही. भट्टीतून काढलेला प्रत्येक रांजण ती पाणी भरून पारखायची. पारखून झाला की त्याच्या गळ्याजवळ चुन्याचा एक ठिपका द्यायची. ठिपका नसलेलं भांडं ती दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही. पण बोलताना तिची जीभ अडायची. एकेक शब्द ओठांवर येऊन थांबायचा, मान थरथरायची आणि लोक हसायचे. म्हणून ती बोलणंच टाळायची.

आणि होता तो यवन, थेवदर. त्याला तापानं फणफणलेला बघून त्याच्या जहाजवाल्यांनी इथंच किनाऱ्यावर सोडला होता. सामानं त्याला वर्षभर पेज पाजून जगवला. तो आपली भाषा शिकला, तिची माती मळू लागला. पण जीव सगळा घराकडं. घरी म्हातारी आई होती म्हणे, आणि तो एकुलता एक. वारा उलटा फिरला की जहाजं परत निघायची. त्या वर्षीचं शेवटचं जहाज पौषात खाडीच्या तोंडाशी येऊन थांबलं. थेवदरला त्यात जागा मिळाली. दुपारच्या ओहोटीबरोबर ते निघणार होतं.

नेमकी त्याच दिवशी सभा बसली. कारण असं की भूतपालनं जहाजावर चढवलेले तिळाच्या तेलाचे रांजण पाझरले होते. खालच्या कापडाच्या गठ्ठ्यांची वाट लागली. व्यापाऱ्यांनी माल परत किनाऱ्यावर टाकला आणि नारवेळचं नाव बद्दू झालं. भूतपालनं फुटके-पाझरके रांजण सभेच्या मधोमध आणून मांडले आणि सगळा दोष सामावर घातला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! शिक्षाही त्यानंच सांगून टाकली. भट्टी मोडायची आणि बाईनं दिवस मावळायच्या आत गावाची वेस ओलांडायची.

खरं काय झालं होतं ते सामाला ठाऊक होतं. भूतपालच्या गड्यांनी घाईघाईत भट्टी उघडून कच्चे रांजण ओढून नेले होते. ती वाटेत आडवी आली होती, तिला ढकलून ते गेले होते. पण सांगणार कशी? सभेचा नियम असा की आरोप तोंडानं करायचा आणि उत्तरही तोंडानंच द्यायचं, हातवारे चालायचे नाहीत. ती उठली, तोंड उघडलं, पहिल्याच अक्षराला अडली. भूतपाल म्हणाला, "बघा, बाईजवळ उत्तर नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

थेवदर निरोप घ्यायला आला होता. खांद्यावर गाठोडं होतं. ते त्यानं खाली ठेवलं आणि सभेपुढं आला. म्हणाला, "माझ्या गावात दोन्ही बाजूंना सारखं पाणी मिळतं. एवढं करा, मग हवी ती शिक्षा द्या." सामाच्याच दारातला एक घडा त्यानं आणला, दाभणानं भोक पाडलं आणि रीत समजावून सांगितली. भूतपाल पोट धरून हसला. म्हणाला, "हिला सात घडे पाणी दिलंत तरी ही काय बोलणार? भरा!" गावानंही मान डोलावली.

आधी भूतपाल बोलला. आपल्या आज्यापासून सुरुवात केली. आजा कसा आला, बंदर कसं बांधलं, बापानं काय केलं. रांजणांपर्यंत येतोय तोच पाण्याची धार बारीक झाली आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाक्य अर्धं टाकून बसावं लागलं म्हणे. पुन्हा घडा भरला. सामा उठली.

पाणी वाहायला लागलं आणि तिची जीभ अडली ती अडलीच. मान थरथरतेय, डोळ्यांत पाणी आलंय, घडा निम्मा झाला. लोक हसू लागले. तेव्हा थेवदर तिवईशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं भोकावर अंगठा दाबला.

"हे काय?" भूतपाल ओरडला. "ही तुझ्या गावची रीत आहे?"

थेवदर म्हणाला, "आमच्याकडं साक्षीचे लेख वाचताना पाणी थांबवतात. अडलेल्या माणसासाठी थांबवत नाहीत, खरं आहे. पण थांबवायला हवं होतं. पाणी बोलण्याचं मोजायचं. बोलणं अडलंय, तर पाणीही अडू दे."

आता बघा. त्यांची अर्धी रीत तिथं संपली आणि आमची अर्धी सुरू झाली. घडा त्यांचा म्हणा, पण अंगठा नारवेळचा! हे मी त्या बाईंना ठणकावून सांगितलंय.

सामाचा एक शब्द सुटला की थेवदर अंगठा काढायचा. ती अडली की पुन्हा लावायचा. लोकांचं हसणं हळूहळू थांबलं. इतक्यात खाडीच्या तोंडाशी शिंग वाजलं. ओहोटी लागली होती. जहाजावरची माणसं हात करून त्याला बोलवत होती. थेवदरनं सभेकडं मान फिरवली आणि विचारलं, "माझ्या जागी कुणी अंगठा धरतं का?"

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या गावात एक माणूस उठला नाही? नाही उठला. थेवदरनं पाच वेळा विचारलं असं सांगतात. ज्यांच्या घरात सामाचे रांजण होते तीही माणसं जमिनीकडं बघत राहिली. भूतपालची भीती होती. दुसऱ्यांदा शिंग वाजलं. सामा त्याच्याकडं बघून "जा, जा" म्हणत होती, आणि तेवढा एकच शब्द तिला न अडता येत होता. तो गेला नाही. "तू बोल," म्हणाला.

ऊन कलेपर्यंत ती बोलली. सगळं बोलली. भट्टी कशी उघडली, कुणी ढकललं. आणि शेवटी म्हणाली, "ज्या रांजणांवर माझा चुना नाही, ते मी दिलेलेच नाहीत. समोर ठेवलेत. बघा."

सगळ्यांच्या डोळ्यांपुढं सकाळपासून ते रांजण पडलेले होते. माणसांनी ते उलटेपालटे करून बघितले. एकाच्याही गळ्याला ठिपका नव्हता. कुणीतरी घरातली घागर आणली, तिच्यावर होता. दुसऱ्यानं आणली, तिच्यावरही होता. मग गड्यांमधल्या एकानं पुढं येऊन कबुली दिली. भूतपाल ताडकन उठला, तशी सगळी सभा एका आवाजात म्हणाली, "बसा! तुमचं पाणी संपलंय."

सामाची भट्टी राहिली, सामा राहिली. थेवदरनं अंगठा काढला तेव्हा तो पांढराफटक पडला होता. तो धावत किनाऱ्यावर गेला. जहाजाचं शीडसुद्धा दिसत नव्हतं. पुढं खाडी गाळानं भरत गेली आणि असं जहाज तिथं पुन्हा कधी लागलं नाही, असं सांगतात. तो इथंच म्हातारा झाला. सामाजवळ माती मळायचा आणि संध्याकाळी आईचं नाव घ्यायचा. तो मेला तेव्हा गाव ढसाढसा रडलं म्हणे. रडणारच, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला जहाजानं मागं टाकलं नव्हतं, आपण टाकलं होतं.

आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट झाकून ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी झाकली नाही, आणि मला घड्यापेक्षा त्याचा अभिमान जास्त वाटतो. थेवदरला माती दिली त्या दिवशी गावानं शपथ घेतली.

आजही नारवेळच्या सभेत कुणाची जीभ अडली, कुणाला रडू फुटलं, की एक माणूस पुढं होऊन भोकावर अंगठा दाबतो. आणि त्यानं अंगठा लावला की कुणी काही न सांगता त्याच्यामागं रांग लागते. म्हातारी माणसं येतात, पोरी येतात, भूतपालच्या वंशातले म्हणवणारेही येतात. रांगेतला प्रत्येक जण वाकून एकच वाक्य म्हणतो, "ऊठ, तुला कुठं जायचं असेल तर जा, मी धरतो."